रूळ वेगळे, गाठ तीच

दोन वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान प्रश्नमंजूषेची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून मी गेलो होतो. प्रश्नपत्रिका दुसऱ्या गावी टंकलिखित करून पेन ड्राइव्हवर आणलेली होती. शाळेच्या संगणक-कक्षातील यंत्रे जुनी, आणि त्यांवर लिनक्स बसवलेले. फाइल उघडली आणि आम्ही सगळेच चमकलो. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि अधिकचिन्हे यांची नुसती मिसळ झाली होती!

वेळ थोडा होता. ज्या गृहस्थांनी प्रश्न काढले होते त्यांना फोन लावला. त्यांनी एकेक प्रश्न वाचून दाखवला, मी फळ्यावर लिहीत गेलो. स्पर्धा पाऊण तास उशिरा सुरू झाली. लांबच्या गावाहून आलेल्या मुलांची परतीची बस चुकते की काय, अशी धास्ती त्यांच्या शिक्षकांना लागली होती. या गडबडीत नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आमचा संगणक त्यांच्या संगणकापेक्षा कमी प्रतीचा आहे का?"

"नाही," एवढेच मी म्हणालो. पण घाईत दिलेले ते उत्तर काही खरे उत्तर नव्हे. ते आज सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

एक मेंदू, दोन कारभारी

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला फक्त अंकांत लिहिलेल्या बारीक बारीक आज्ञा कळतात. ही संख्या उचल, तिच्यात ती मिळव, बेरीज तिथे नेऊन ठेव, अशा त्या असतात. अशा लक्षावधी आज्ञा ओळीने मांडल्या की आज्ञावली तयार होते. हिलाच आपण सॉफ्टवेअर म्हणतो.

विंडोजचा संगणक आणि लिनक्सचा संगणक यांतला प्रोसेसर पुष्कळदा अगदी एकाच बनावटीचा असतो. एवढेच काय, एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली बसवता येतात आणि सुरू करताना हवी ती निवडता येते. मग विंडोजसाठी विकत आणलेली आज्ञावली लिनक्सवर का चालू नये?

याचे कारण असे, की आज्ञावलीला बहुतेक कामांसाठी दुसऱ्याकडे अर्ज करावा लागतो. फाइल उघडायची असो, पडद्यावर रेघ काढायची असो किंवा कागद छापायचा असो, परवानगी कारभाऱ्याची लागते. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपण तिला कार्यकारी प्रणाली म्हणू. विंडोज ही एक कार्यकारी प्रणाली, लिनक्स ही दुसरी. प्रत्येक कारभाऱ्याच्या कचेरीत अर्जाचा नमुना वेगळा. फाइल उघडण्यासाठी विंडोजची आज्ञावली 'क्रिएटफाइल' नावाचा अर्ज करते, तर लिनक्सची आज्ञावली 'ओपन' नावाचा. एका कचेरीचा अर्ज दुसरीत दिला, तर कारकून तो परतच करणार!

आज्ञावलीच्या फाइलची बांधणीही वेगळी असते. विंडोजच्या आज्ञावलीची सुरुवात 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी होते. लिनक्सच्या आज्ञावलीत आरंभी १२७ हा अंक आणि त्यापुढे 'ई', 'एल', 'एफ' ही अक्षरे असतात. दारातच ओळख पटली नाही, तर पुढची बोलणी होतच नाहीत.

पुलगावचा धडा

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. पुलगाव ते आर्वी अशी सुमारे ३५ किलोमीटरची एक छोटी रेल्वे पूर्वी धावत असे. ती आता बंद आहे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना ती आठवत असेल. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते ७६२ मिलिमीटर. पुलगावहून मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग जातो. त्याच्या रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे आर्वीकडून आलेला डबा मोठ्या रुळांवर चढवणे शक्यच नव्हते. इंजिन कितीही दणकट असो, डबा कितीही नवा असो!

आपल्या प्रश्नात रूळ म्हणजे कार्यकारी प्रणाली, गाडी म्हणजे आज्ञावली आणि गाडीतला माल म्हणजे तुमचे लेखन, चित्र किंवा हिशेब. ही तुलना ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

लिनक्स म्हणजे कच्चे रूळ नव्हेत. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून तिच्यातला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. तेव्हा उणीव रुळांत नाही, असलीच तर त्यांवर धावणाऱ्या गाड्यांत आहे. टेबलावरच्या संगणकासाठी फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड अशा नामांकित आज्ञावल्यांची लिनक्ससाठी आवृत्ती आज मिळत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे ती हीच.

कंपन्या अशी आवृत्ती का काढत नाहीत? कोरलड्रॉचीच गोष्ट पाहा. आपल्या गावातले फ्लेक्सचे फलक पुष्कळदा हीच आज्ञावली वापरून केलेले असतात. कॅनडातील कोरेल कंपनीने १९९९ साली स्वतःचे लिनक्स बाजारात आणले आणि २००० साली कोरलड्रॉची नववी आवृत्ती लिनक्ससाठी काढली. पुढे लवकरच दोन्ही बंद पडली. गिऱ्हाईक थोडे म्हणून कंपनी माल काढत नाही, आणि माल मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा फेरा आहे.

फेरा तोडण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग दुभाष्याचा. १९९३ साली 'वाइन' नावाच्या आज्ञावलीचे काम सुरू झाले. विंडोजच्या नमुन्यातला अर्ज आला की वाइन तो लिनक्सच्या नमुन्यात उतरवून देते. जणू डबा तोच ठेवून खालची चाके बदलायची! पुष्कळ आज्ञावल्या अशा चालतात, पण सगळ्या नाही. मूळ कंपनीने अर्जात नवे कलम घातले, की दुभाष्याला ते नव्याने शिकावे लागते. त्यामुळे तो नेहमी एक पाऊल मागे राहतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच कामाची नवी गाडी बांधणे. अमेरिकेत बर्कली येथे शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी छायाचित्रांवर काम करणारी 'गिम्प' ही आज्ञावली लिहिली आणि १९९६ साली ती लोकांना दिली. कागदपत्रे, तक्ते आणि हिशेब यांसाठी असलेल्या 'लिबरऑफिस'चा इतिहास याहून वळणाचा आहे. जर्मनीतील एका कंपनीची 'स्टारऑफिस' ही विकाऊ आज्ञावली सन या कंपनीने १९९९ साली विकत घेतली. पुढच्याच वर्षी तिने तिचा मूळ मजकूर खुला केला. त्यातून 'ओपनऑफिस' झाले, आणि २०१० साली त्याची 'लिबरऑफिस' ही शाखा फुटली.

तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गाडी बांधतानाच ती दोन्ही मापांच्या रुळांवर धावेल, अशी योजना करायची. कारभाऱ्याकडे जाणारे अर्ज आज्ञावलीत थेट लिहायचे नाहीत, मध्ये एक थर ठेवायचा. हा थर प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा असतो, पण वरची आज्ञावली एकच राहते. रात्रीचे आकाश दाखवणारी 'स्टेलॅरियम' अशीच आहे. वर्ध्याहून आज रात्री आठ वाजता गुरू कोठे दिसेल, हे ती विंडोजवर आणि लिनक्सवर अगदी सारखेच सांगते. येथे बरोबरी मागून घ्यावी लागत नाही, ती बांधणीतच असते.

'काका' की 'डीकेडीके'?

आता पुन्हा त्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. शाळेच्या संगणकावर लिबरऑफिस होते आणि त्याने फाइल उघडलीही होती. म्हणजे गाडीही होती, रूळही ठीक होते. मग बिघडले कोठे?

बिघडले मालाच्या बांधणीत. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, अंक असतात. लहान लिपीतल्या इंग्रजी 'डी'साठी १०० आणि 'के'साठी १०७, असे संकेत फार पूर्वीच ठरले. मराठीसाठी सर्वत्र चालणारे अंक ज्या काळी संगणकांवर रुळले नव्हते, त्या काळी टंक तयार करणाऱ्यांनी एक युक्ती केली. टंक म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संच, ज्याला आपण फाँट म्हणतो. इंग्रजी अक्षराच्या जागी त्यांनी मराठी अक्षराचे चित्र बसवले. 'कृतिदेव' या प्रसिद्ध टंकात 'डी'च्या जागी 'क' आहे आणि 'के'च्या जागी काना. 'काका' लिहिले की पडद्यावर 'काका' दिसते, पण स्मृतीत अंक असतात १००, १०७, १००, १०७. म्हणजेच 'डीकेडीके'!

तो टंक ज्या संगणकावर आहे त्याच्यावर हे गुपित फुटत नाही. जिथे तो नाही तिथे काकांचे डीकेडीके होतात. आणि हे नीट लक्षात घ्या, की टंक नसेल तर विंडोजवरही हेच होते. लिनक्सवर तो टंक बसवला असता, तर प्रश्नपत्रिका दिसली असती. तिची पीडीएफ आणली असती, तर छापताही आली असती. पण मजकुरात 'काका' शोधा म्हटले, तर संगणकाला तो सापडला नसता. त्याच्या लेखी तेथे काका नव्हतेच. या युक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच कितीतरी वर्षे मराठी पुस्तके आणि वर्तमानपत्रे संगणकावर छापली गेली. पण ती गाठ एकाच वखारीत उकलता येईल, अशी बांधलेली होती.

अंकांची नवी व्यवस्था

१९९१ साली 'युनिकोड' या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. भारतात १९८८ साली ठरलेल्या 'इस्की' या संकेतातला अक्षरांचा क्रम त्यासाठी आधाराला घेतला गेला. आता 'क' म्हणजे २३२५ आणि काना म्हणजे २३६६. 'काका' हा शब्द २३२५, २३६६, २३२५, २३६६ असा लिहिला, की जगातल्या कोणत्याही संगणकावर तो काकाच राहतो.

कापसाची उपमा द्यायची, तर ही झाली प्रमाण गाठ. आपल्या देशात रुईची गाठ १७० किलोची धरतात. ती हिंगणघाटची असो की आर्वीची, ट्रकमध्ये असो की रेल्वेत, व्यापाऱ्याला तिचा हिशेब कळतो. पुलगावला डबा मोठ्या रुळांवर चढत नव्हता, पण गाठ या डब्यातून काढून त्या डब्यात ठेवता येत होती.

मात्र अंक ठरले म्हणून काम संपले नाही. इंग्रजीत एका अंकाला एक चित्र दाखवले की भागते. मराठीत तसे नाही. 'कि' लिहिताना स्मृतीत आधी 'क'चा २३२५ आणि मग पहिल्या वेलांटीचा २३६७ असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. त्याहून गमतीची जोडी पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. या शब्दांचे अंक असे:

दर्या: २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६
दऱ्या: २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६

फरक फक्त दुसऱ्या अंकात, तोही एकाचा. पण पहिल्या शब्दात 'र'चा रफार होऊन तो 'या'च्या डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात आडवी लहानशी खूण होऊन 'या'ला चिकटतो. अंक पाहून योग्य आकार जुळवणारी एक वेगळी आज्ञावली त्यासाठी लागते. तिला आपण आकारयोजक म्हणू.

विंडोजमध्ये देवनागरीसाठी अशी सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. लिनक्सवर एकाच वेळी निरनिराळे आकारयोजक नांदत होते. त्यामुळे एकच मराठी ओळ एका आज्ञावलीत बरोबर, तर दुसरीत मोडकी दिसायची. पुढे अनेक देशांतल्या लोकांनी मिळून 'हार्फबझ' नावाचा एक सामाईक, खुला आकारयोजक घडवला. आज तो फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे आणि अँड्रॉइड फोनमध्येही आहे. २०१७ साली निघालेल्या लिबरऑफिसच्या ५.३ या आवृत्तीने विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर तोच वापरायला सुरुवात केली. त्यामुळे टंक एकच असेल, तर 'दऱ्या' दोन्हीकडे सारख्याच जुळवल्या जातात.

टंकांचेही असेच झाले. 'रेड हॅट' या कंपनीने २००४ साली 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे टंक खुल्या परवान्याखाली दिले. ज्याला हवा त्याने वापरावा, वाटावा, सुधारावा. अक्षरफलकाची गोष्ट तर याहूनही जुनी. 'इनस्क्रिप्ट' हा भारतीय लिप्यांचा प्रमाण अक्षरफलक १९८६ साली ठरला आणि तो दोन्ही प्रणालींत मिळतो. एकदा बोटे बसली, की यंत्र बदलले तरी बोटे बदलावी लागत नाहीत.

बरोबरी कोण आणते?

या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. बरोबरी वाट पाहून आली नाही, कोणीतरी बसून ती तयार केली.

मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 'फॉसी' नावाचा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने चालतो. अभियांत्रिकीच्या अभ्यासात लागणाऱ्या महाग आज्ञावल्यांना खुला पर्याय उभा करणे, हा त्याचा उद्देश आहे. गणिती कामासाठी 'मॅटलॅब'ऐवजी 'सायलॅब' वापरावे, असे नुसते सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून या प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये सोडवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. विद्युतमंडलांची आखणी करण्यासाठी 'ईसिम' ही आज्ञावली तेथेच तयार झाली. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस इत्यादींचे बोलके धडे मराठीतही मिळतात. आज्ञावली असणे आणि ती शिकवणारा असणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

अजून काय उणे आहे तेही सांगितले पाहिजे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छापखाना मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतो. प्रकाश मिसळला की उजेड वाढतो, शाई मिसळली की कमी होतो. म्हणून एका पद्धतीतला रंग दुसरीत हुबेहूब उतरत नाही. गिम्पची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये निघाली. ती छपाईचा अंदाज दाखवते, परंतु मूळ चित्रावरच चार शायांच्या रंगांत काम करण्याची सोय तिच्यात नाही. 'क्रिटा' या खुल्या आज्ञावलीत ती आहे. पण ज्याचा व्यवसायच छपाईचा आहे, त्याला एका कामासाठी दोन गाड्या बदलणे परवडत नाही. त्याची तक्रार रास्त आहे. 'लिनक्स फुकट आहे, मग कुरकुर कशाला?' असे त्याला म्हणणे बरे नव्हे.

हा प्रश्न शाळांसाठी आज जिव्हाळ्याचा झाला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात काढायची की लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरायची? निर्णय पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. शाळेतली कागदपत्रे कोणत्या गाठीत बांधलेली आहेत, यावर तो अवलंबून आहे. युनिकोडमध्ये लिहिलेल्या आणि खुल्या नमुन्यात ठेवलेल्या फाइली कोणत्याही रुळावरून नेता येतात.

करून पाहा

१. लिबरऑफिसमध्ये 'क' लिहा आणि लगेच 'ऑल्ट' व 'एक्स' या कळा एकत्र दाबा. ०९१५ अशी खूण दिसेल. ही संख्या सोळाच्या पायाची आहे. ९ × २५६ + १ × १६ + ५ = २३२५. आता 'ख' घेऊन हेच करा.

२. 'त्र' हे एक अक्षर दिसते. स्मृतीत त्याचे अंक किती असतील? आधी कागदावर अंदाज लिहा. मग 'त्र'च्या पुढे टिचकी ठेवून मागे खोडण्याची कळ एकेकदा दाबा. किती वेळा दाबावी लागली ते मोजा.

३. कृतिदेवमध्ये वेलांटी 'एफ'च्या जागी आहे, आणि तेथे ती दिसते त्याच क्रमाने, म्हणजे 'क'च्या आधी लिहितात. 'एफ' म्हणजे १०२. तेव्हा 'कि'चे जुने अंक १०२, १०० असे होतात. नवे अंक २३२५, २३६७. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना नुसता अंकामागे अंक बदलला, तर काय चुकेल? याचे उत्तर वर्गात सांगा.

त्या स्पर्धेनंतरच्या रविवारी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. शाळेने जपून ठेवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका चार मुलांनी त्याच जुन्या संगणकांवर युनिकोडमध्ये टंकलिखित करायला घेतल्या. प्रश्न विचारणारी ती मुलगीही त्यांत होती. संध्याकाळी तिने एक फाइल माझ्या विंडोजच्या संगणकावर उघडून पाहिली. काना, मात्रा, वेलांटी सगळे जागच्या जागी होते. "म्हणजे आमचा संगणक कमी नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," मी म्हणालो. या वेळी उत्तर तिनेच शोधून काढले होते.